चिखलवाट, घाटवाट आणि ब्रेकची पारख

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल शहाड आणि आंबिवली मागे टाकून टिटवाळ्याच्या फलाटाला लागते तेव्हा उतरणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या मनात महागणपतीच्या दर्शनाचा संकल्प असतो. परंतु ज्याच्या दारात दुचाकी उभी आहे, आणि तीही डांबरी सडक व कच्ची वाट या दोहोंवर सारख्याच विश्वासाने चालावी म्हणून जाणीवपूर्वक घेतलेली आहे, त्याच्या दृष्टीने या गावाचे भौगोलिक स्थानच मोठे मोलाचे ठरते. मांडा-टिटवाळा हा भाग कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत मोडतो, आणि ती हद्द ओलांडली न ओलांडली तोच काळू नदीच्या काठचा, भातखाचरांचा, वीटभट्ट्यांचा आणि मुरमाच्या वाटांचा मुलूख सुरू होतो. पावसाळ्यात रुंदे येथील पूल काळूच्या पाण्याखाली गेला की पलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो आणि पाणी ओसरल्यावर पुलावर गाळाचा थर मागे राहतो. गोवेलीवरून मुरबाडच्या रस्त्याला लागावे तर टोकावडे, वैशाखरे ओलांडून माळशेजचा घाट समोर उभा राहतो. खडवलीवरून पडघ्याच्या बाजूने मुंबई-नाशिक महामार्गाला जाऊन मिळावे तर शहापूर, खर्डी मागे पडून कसाऱ्याचा घाट लागतो. खड्ड्यांचा नगररस्ता, निसरडा मुरूम, गुडघाभर पाणी आणि मैलोगणती उतार ही चारही स्थित्यंतरे एकाच दिवसात, एकाच वाहनावर आणि एकाच जोडी ब्रेक-पॅडवर भोगावी लागणारे चालक महाराष्ट्रात अन्यत्रही असतील. तथापि टिटवाळ्याच्या चालकाला ती घराच्या उंबरठ्यापासून भोगावी लागतात, आणि म्हणून ब्रेक-पॅडच्या निवडीचा विचार येथून आरंभिणे मला योग्य वाटते.

या वाहनांना ‘ड्युअल-स्पोर्ट’ म्हणतात. उंच बांधा, लांब पल्ल्याचे सस्पेन्शन, बहुधा २१ इंचांचे पुढचे चाक आणि दोन्ही प्रकारच्या वाटांना मानवणारे टायर ही त्यांची लक्षणे होत. आपल्या देशात सामान्य माणसाच्या आवाक्यातला हा वर्ग हिरोच्या ‘इम्पल्स’पासून, म्हणजे २०११ पासून, दिसू लागला, २०१६ साली रॉयल एनफील्डची ‘हिमालयन’, २०१९ साली हिरोची ‘एक्सपल्स २००’ आणि २०२० साली केटीएमची ‘३९० ॲडव्हेंचर’ आली, आणि शनिवार-रविवारी मुरबाडच्या रस्त्यावर अशा गाड्यांचे जथे दिसणे नित्याचे झाले. या गाड्यांचे मालक हौशी असतात. सामानाचे कॅरियर, इंजिनखालची लोखंडी ढाल, हँडलवरचे संरक्षक, जादा दिवे यांवर ते सढळ हाताने खर्च करतात; परंतु तळहातावर सहज मावेल एवढ्या ज्या जिनसांवर त्यांचा जीव खऱ्या अर्थाने विसंबून असतो, त्या ब्रेक-पॅडची चौकशी मात्र चाकातून ‘खर्र’ असा धातूचा आवाज येऊ लागेपर्यंत कोणी करीत नाही, याचा मला खेद होतो.

पॅडचे कार्य समजावयास एका लहानशा हिशेबाची जोड द्यावी लागते. दोनशे किलोंची गाडी आणि त्यावर चालक व सामान मिळून शंभर किलो, असे तीनशे किलोंचे ओझे ताशी ६० किलोमीटर वेगाने चालले असता त्यात सुमारे ४२ हजार ज्यूल एवढी गतिज ऊर्जा साठलेली असते. वेग ताशी ८० झाला म्हणजे हीच ऊर्जा ७४ हजारांवर जाते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गाडी थांबवावयाची म्हणजे ही सारी ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करावयाची, आणि ते काम डिस्कच्या दोन्ही अंगांना चिकटणारे पॅड घर्षणाने करतात. घाटाची गोष्ट याहून गंभीर आहे. तेच ओझे सहाशे मीटरांनी खाली उतरविताना सुमारे साडेसतरा लक्ष ज्यूल ऊर्जा कोठे तरी खर्ची पडावी लागते. म्हणजे ताशी ६० च्या वेगावरून बेचाळीस वेळा पूर्ण थांबण्याइतके ते काम झाले. त्यातील काही भार वारा उचलतो, आणि चालक सुज्ञ असून खालच्या गिअरमध्ये उतरत असेल तर पुष्कळसा भार इंजिन उचलते. उरलेला सगळा डिस्क आणि पॅड यांच्या माथी येतो, आणि तोही मधे थंड होण्यास उसंत न देता.

टिटवाळ्यावरून जाणाऱ्या रेल्वेच्या इतिहासातही उताराची ही चिंता नोंदली गेलेली आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा कल्याण ते वाशिंद हा टप्पा १८५५ मध्ये खुला झाला. पण कसारा ते इगतपुरी हा थळघाटातला टप्पा पुरा होण्यास १८६५ साल उजाडले, आणि तेथील कमाल चढ ३७ मीटरांत एक मीटर एवढा ठेवूनसुद्धा गाडी सुखरूप खाली आणणे हाही अभियंत्यांपुढचा बिकट प्रश्न होता. रस्त्याचा घाट रेल्वेपेक्षा पुष्कळ उभा असतो, आणि दुचाकीला मागून आवरून धरणारे दुसरे इंजिन नसते.

घर्षणाला योग्य पदार्थ कोणता, हा शोध फार जुना नाही. इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड या गृहस्थाने १८९७ साली गाड्यांच्या ब्रेकसाठी अस्तरे बनविण्याचा उद्योग आरंभिला, त्यातूनच पुढे ‘फेरोडो’ ही प्रसिद्ध संस्था उदयास आली; फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ साली डिस्क-ब्रेकचे पेटंट घेतले; आणि १९६९ च्या ‘होंडा सीबी ७५०’ या गाडीने पुढच्या चाकाचा डिस्क-ब्रेक मोटारसायकलींच्या जगात रूढ केला. मधल्या दीर्घ काळात अस्तरांमध्ये ॲस्बेस्टॉसचा सर्रास वापर होत असे, कारण तो उष्णतेला दाद देत नाही. परंतु त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसांत जाऊन कर्करोगासारख्या व्याधी जडतात हे सिद्ध झाल्यावर उत्पादकांना निराळे मिश्रण शोधणे भाग पडले. आज बाजारात दिसणारे पॅडचे प्रकार हे त्या शोधाचे फलित होय.

पहिला प्रकार ‘ऑरगॅनिक’ अथवा रेझिनचा. यात ॲरामिड, काच इत्यादींचे तंतू आणि घर्षण राखणारी चूर्णे एकत्र करून ती फिनॉलिक रेझिनने बांधलेली असतात. हा पॅड मवाळ असतो, डिस्कला सांभाळून घेतो, आवाज करीत नाही, थंड असतानाच पकड देऊ लागतो आणि स्वस्तही पडतो. शहरातल्या शहरात, कोरड्या रस्त्यावर, कामावर जाऊन येणाऱ्यास याहून अधिक काही लागत नाही. त्याची मर्यादा उष्णतेत आणि चिखलात उघडी पडते. सुमारे तीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे बांधणीचे रेझिन विघटित होऊ लागते, त्यातून निघणारे वायू पॅड आणि डिस्क यांच्या मध्ये शिरतात, आणि लिव्हर पूर्वीइतकाच कठीण लागत असूनही गाडी मात्र थांबेनाशी होते. यालाच चालकांच्या बोलीत ब्रेक ‘फेड’ होणे म्हणतात. असा एकदा भाजलेला पॅड निवल्यावरही पूर्ववत होईलच असे नाही. टाकी न लावलेल्या जात्याच्या पाळीप्रमाणे त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत होतो, तो घासतो खरा, पण पकड घेत नाही.

दुसरा प्रकार ‘सिंटर्ड’ पॅडचा. तांबे, कांसे, लोह अशा धातूंची चूर्णे ग्रॅफाइटसह साच्यात दाबून, वितळणबिंदूच्या खालच्या परंतु फार उच्च तापमानावर, त्यांचे कण एकमेकांत जखडून हा पॅड तयार करतात. त्यात जळून जाण्यासारखे रेझिन नसते. म्हणून घाटाच्या तळाशी पोहोचतानाही त्याची पकड फारशी ढळत नाही, पाण्यातून बाहेर पडल्यावर तो लवकर भानावर येतो, आणि चिखलातली वाळू त्याला रेझिनच्या पॅडइतक्या झपाट्याने खाऊन टाकू शकत नाही. याची किंमतही चालकाला मोजावी लागते: आयात केलेला चांगला सिंटर्ड पॅड साध्या पॅडच्या दुपटीहून महाग पडतो, डिस्क अधिक झिजवितो, काही वेळा कर्णकटू आवाज करतो, आणि धातूचा असल्यामुळे उष्णता मागे, पॅडला डिस्कवर दाबणाऱ्या पिस्टनकडे आणि तेथून ब्रेक-ऑइलकडे अधिक त्वरेने पोहोचवितो. ही शेवटची बाब दुकानात सहसा कोणी सांगत नाही. या दोन टोकांच्या मध्ये ‘सेमी-मेटॅलिक’ अथवा ‘सेमी-सिंटर्ड’ असा तिसरा वर्ग आहे. त्याचे गुणदोषही मधलेच असल्याने त्याविषयी निराळे विवेचन करण्याचे प्रयोजन नाही.

ग्राहकाने पॅड हाती घेतल्यावर पाहावयाची पहिली गोष्ट म्हणजे त्याच्या लोखंडी पाठीवर अथवा कडेला उमटविलेली अक्षरे. पुष्कळ उत्पादक अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेची एक संकेतपद्धती पाळतात, आणि तिच्यात शेवटची दोन अक्षरे घर्षणांक सांगतात: ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५ आणि ‘एच’ म्हणजे त्याहून अधिक. दोन अक्षरांपैकी पहिले सौम्य तापमानाचे आणि दुसरे तापलेल्या स्थितीचे असते. ‘जीएफ’ अशी अक्षरे असलेला पॅड तापल्यावर एक पायरी खाली उतरतो. ‘जीजी’ अथवा ‘एचएच’ असलेला आपल्या पायरीवर टिकून राहतो. सर्वसाधारण ग्राहकाची दृष्टी केवळ अक्षर किती वरचे आहे यावर खिळते, आणि जाहिरातीही तिला तेथेच खिळवून ठेवतात. माझ्या मते दोन अक्षरांमधील अंतर हे अक्षराच्या उंचीपेक्षा अधिक बोलके असते, कारण घाट उतरणाऱ्याला पहिल्या वळणावर जो ब्रेक मिळाला तोच शेवटच्या वळणावर मिळेल याची हमी हवी असते.

तथापि या अक्षरांवरही सर्वस्वी विसंबता येत नाही, आणि याचे कारण ती ज्या चाचणीतून ठरतात तिच्या स्वरूपात आहे. त्या चाचणीत एक इंच लांबी-रुंदीचा नमुना प्रयोगशाळेतील फिरत्या ड्रमवर कोरड्या स्थितीत दाबून पाहतात. काळूच्या गाळातून निथळत बाहेर पडलेल्या डिस्कवर तोच पदार्थ कसा वागेल याविषयी ती अक्षरे काहीच सांगत नाहीत. युरोपीय व्यवस्थेत आर-९० या नियमानुसार मान्यता मिळालेल्या पर्यायी पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या तुलनेत १५ टक्क्यांच्या मर्यादेत राहावी लागते, आणि अशा पॅडवर वर्तुळातला ‘ई’ व त्यापुढे देशाचा क्रमांक असा शिक्का असतो. तो शिक्का आढळला तर मालाची शहानिशा झालेली आहे एवढे समाधान मानण्यास हरकत नाही. पावसाचा आणि चिखलाचा विचार मात्र चालकाने स्वतःच करावयाचा आहे.

आणि आपल्या भागात तो विचार टाळता येत नाही. जून ते सप्टेंबर हे चार महिने डिस्कवर पाण्याचा पडदा असतो, आणि पॅडला प्रथम तो पडदा पुसून काढावा लागतो. रेझिनच्या पॅडला या कामी जो विलंब लागतो तो एका सेकंदाचा धरला, तरी तेवढ्यात ताशी ६० वेगाने चाललेली गाडी सोळा मीटरांहून अधिक अंतर कापून गेलेली असते. चिखलाचे स्वरूप याहून भिन्न आहे. मुरमाचा लाल गाळ म्हणजे बारीक खडीचे उटणेच. तो पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरमध्ये शिरला की डिस्क फिरत असताना पॅडला अविरत घासत राहतो, ब्रेक दाबलेला असो वा नसो. भातखाचरांमधल्या वाटांवर एक ओला दिवस काढून आलेल्या गाडीचे मागचे रेझिन पॅड कोरड्या रस्त्यावरच्या कित्येक आठवड्यांइतके झिजलेले आढळतात. मागचे चाक पुढच्या चाकाने उडविलेला सगळा चिखल झेलते, आणि कच्च्या वाटेवर चालक मागचा ब्रेकच अधिक वापरतो, या दोन कारणांनी तेथील झीज नेहमी आधी होते.

एवढे ऐकल्यावर, सर्वांत जबर पकडीचा सिंटर्ड पॅड पुढे आणि मागे बसवून मोकळे व्हावे असे कोणासही वाटेल; पण ड्युअल-स्पोर्ट गाडीच्या बाबतीत येथेच थांबून तारतम्य पाहिले पाहिजे. शर्यतीच्या रस्त्यावर ज्या गुणाची स्तुती होते, म्हणजे लिव्हरला बोट लागताच होणारी तीव्र पकड, तो गुण सुट्या खडीवर घातक ठरू शकतो. मुरमावर टायरला जमिनीचा आधारच थोडा असतो. तेथे पुढचे चाक एका झटक्यात जखडले तर ते बाजूला घसरते, आणि सावरण्यास अवकाश उरत नाही. १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या दुचाकींना आपल्याकडे एबीएस सक्तीचे झाले, नव्या मॉडेलांना १ एप्रिल २०१८ पासून आणि जुन्यांना १ एप्रिल २०१९ पासून, हे खरे. ते पुढच्या चाकाला जखडण्यापासून वाचविते हेही खरे. परंतु सुट्या खडीच्या उतारावर एबीएस वारंवार ब्रेक सोडू लागते आणि गाडी थांबण्याचे अंतर वाढते, म्हणूनच यांतील कित्येक गाड्यांत निदान मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय दिलेली असते. ती सोय वापरणाऱ्याचा सगळा भरवसा पुन्हा आपल्या पायाच्या अंदाजावर आणि पॅडच्या स्वभावावर येऊन ठेपतो. दाब जसजसा वाढवावा तसतशी पकड वाढत जाणारा, समजूतदार स्वभावाचा पॅड या वाहनाला लागतो. कोरडा, ओला, थंड, तापलेला अशा चारही अवस्थांत ज्याचे उत्तर एकसारखे येते त्याला मी जास्तीत जास्त पकडीच्या पॅडपेक्षा निःसंशय वरचे स्थान देईन.

म्हणून टिटवाळा, खडवली, शहापूर, मुरबाड या टापूत राहून घाट आणि कच्ची वाट या दोहोंचा नित्य संबंध असणाऱ्यास माझी शिफारस अशी: मागच्या चाकास चिखलासाठी योजलेला सिंटर्ड पॅड बसवावा, कारण तेथे टिकाऊपणा हाच मुख्य गुण आहे, पुढच्या चाकासही सिंटर्डच घ्यावा, परंतु शर्यतीसाठी म्हणून विकला जाणारा टाळून रस्ता व प्रवास यांसाठी बनविलेला घ्यावा. ज्याचे वाहन वर्षाचे अकरा महिने कल्याणच्या स्थानकापलीकडे जात नाही, आणि जो पावसाळ्यात एखादे वेळी माळशेजला धबधबे पाहावयास जातो, त्याने गाडीसोबत आलेल्या पॅडवर समाधान मानावे. त्याला सिंटर्ड घेण्याची काहीएक गरज नाही. गाडीच्या उत्पादकाने मुळात कोणत्या प्रकारचा पॅड दिला आहे हे आधी विचारून घ्यावे, कारण काही गाड्यांत तो मुळातच सिंटर्ड असतो आणि मग बदलाचा खर्च अकारण ठरतो. पुढे एका प्रकारचा आणि मागे दुसऱ्या प्रकारचा पॅड चालतो. एकाच कॅलिपरमध्ये मात्र दोन प्रकार कदापि मिसळू नयेत.

डिस्कचाही विचार याच वेळी करावा. आधुनिक मोटारसायकलींच्या पोलादी डिस्क बहुधा सिंटर्ड पॅड सोसतात. परंतु जुन्या गाडीची मऊ डिस्क, अथवा बाजारातून स्वस्तात आणून बसविलेली डिस्क, सिंटर्ड पॅडखाली लवकर खचते. प्रत्येक डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. तिच्याखाली गेलेली डिस्क नव्या पॅडने सुधारत नाही. आणि मागे उल्लेखिलेली ब्रेक-ऑइलची बाब येथे पुन्हा पुढे येते. ब्रेक-ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. ‘डॉट ४’ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. ‘डॉट ३’चे हेच आकडे २०५ आणि १४० असे आहेत. उष्णता मागे पोहोचविणारा सिंटर्ड पॅड आणि दोन-तीन पावसाळे खाल्लेले ऑइल यांची गाठ घाटात पडली तर ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि लिव्हर हँडलपर्यंत येऊनही ब्रेक लागत नाही. सबब, रेझिनवरून सिंटर्डवर जाणाऱ्याने त्याच दिवशी ऑइलही बदलावे, आणि पुढे दर दोन वर्षांनी बदलत राहावे.

खरेदीचा मामला नाजूक आहे. कल्याण-डोंबिवलीच्या स्पेअर-पार्टच्या दुकानात गेले आणि “दादा, पुढच्या डिस्कचे पॅड द्या” असे म्हटले की पहिला प्रश्न येतो, “ओरिजिनल देऊ की लोकल?” या दोन शब्दांत सगळी बाजारपेठ सामावलेली नाही. गाडीच्या कंपनीचा माल, कंपनीलाच ब्रेक पुरविणाऱ्या उत्पादकाचा माल, स्वतंत्र नामांकित उत्पादकाचा माल, नाव नसलेला माल आणि नामांकिताचे खोटे नाव लावलेला माल अशा पाच प्रती येथे एकत्र नांदतात. दुसऱ्या प्रतीच्या बाबतीत महाराष्ट्र सुदैवी आहे. ‘हिमालयन’ आणि केटीएमच्या गाड्यांच्या कॅलिपरवर जे ‘बायब्रे’ हे नाव दिसते ते इटलीतील ब्रेंबो या संस्थेचे असून तिचा कारखाना पुण्याजवळ चाकण येथे आहे. छत्रपती संभाजीनगरच्या एंड्युरन्स टेक्नॉलॉजीजही दुचाकींचे डिस्क-ब्रेक मोठ्या प्रमाणावर बनविते. तिसऱ्या प्रतीत इंग्लंडची ईबीसी, जपानची वेसरा, डेन्मार्कची एसबीएस, स्पेनची गाल्फर अशी नावे आढळतात. यांपैकी ईबीसीच्या क्रमांकापुढे ‘एचएच’ असेल तर तो सिंटर्ड, आणि क्रमांक नुसताच असेल तर ऑरगॅनिक, हे ध्यानी ठेवल्यास निदान एका घोटाळ्यापासून बचाव होतो.

पाचव्या प्रतीविषयी मला कळकळीने सांगावेसे वाटते. खोट्या पॅडचे वेष्टन अस्सलाहून देखणे असू शकते. म्हणून वेष्टन बाजूला ठेवून पॅडकडे पाहावे. पाठीच्या लोखंडी पत्र्यावर उत्पादकाचे नाव, मिश्रणाचा संकेत आणि घर्षणाची अक्षरे स्पष्ट उमटलेली असावीत. पत्रा आणि घर्षणाचा थर यांच्या सांध्यात फट, रंगाचा ओघळ अथवा निसटणारी कड नसावी. जोडीतील दोन्ही पॅड जाडीला समान असावेत. सांध्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण थर पत्र्यापासून सुटून पडणे हा पॅडच्या सर्व दोषांमध्ये सर्वांत भयंकर दोष आहे आणि तो ऐन जोराचा ब्रेक दाबतानाच प्रकट होतो. पावती घ्यावी, आणि अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावी. जुना पॅड काढून सोबत नेला आणि नव्याशी पाठीला पाठ लावून पाहिला तर आकाराची रुजुवात तत्काळ होते; एकाच नावाच्या गाडीत सालागणिक कॅलिपर बदललेले असतात, त्यामुळे केवळ गाडीचे नाव सांगणे पुरेसे नसते.

पॅड बसविण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे, पण ते घाईत उरकू नये. जुने पॅड काढल्यावर पिस्टन मागे ढकलण्यापूर्वी त्यांवरचा चिखल साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुऊन काढावा, नाही तर तोच चिखल आत जाऊन रबरी सील कापतो. धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये. पॅडच्या धुळीत काय आहे याची खात्री नसते आणि ती श्वासावाटे आत जाऊ देण्यासारखी नाही. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पुसून त्यांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे. प्रकार बदलत असेल तर डिस्कवर बसलेला जुन्या पॅडचा थर बारीक सँडपेपरने आणि ब्रेक-क्लीनरने घालवावा. सर्व जोडून झाल्यावर गाडी जागची हलविण्यापूर्वी लिव्हर आणि पेडल कठीण लागेपर्यंत पुनःपुन्हा दाबावेत. मागे ढकललेले पिस्टन पुन्हा डिस्कला भिडेपर्यंत ब्रेक लागतच नाही, आणि गॅरेजच्या दारातच अपघात होण्याचे हे एक कारण आहे. मग मोकळा, सपाट रस्ता गाठून ताशी ५०-६० च्या वेगावरून १५ पर्यंत असे वीस-तीस वेळा सावकाश वेग कमी करावा, पूर्ण थांबू नये, आणि मधे डिस्क थंड होऊ द्यावी. या क्रियेने पॅडचा अगदी पातळ आणि सारखा थर डिस्कवर बसतो, व त्यानंतरच पॅड आपली खरी पकड दाखवितो. नवे पॅड घालून त्याच सकाळी थेट माळशेज उतरणे मला अविचाराचे वाटते.

पुढची निगा सोपी, पण नियमाने करावयाची आहे. ओल्या कच्च्या वाटेवरून परतल्यावर कॅलिपरवर साध्या पाण्याची धार सोडावी. गाळ वाळून दगडासारखा झाला म्हणजे पॅड मागे सरकत नाही आणि डिस्कला घासत राहतो. वॉशिंग-सेंटरवर इंजिन आणि चेन चकचकीत करण्यासाठी डिझेलचा फवारा मारण्याची वहिवाट आहे. तो डिस्कवर उडू देऊ नये, आणि घरी चेनला तेल फवारतानाही मागची डिस्क कापडाने झाकावी. तेल प्यालेला पॅड घासून, भाजून, उन्हात ठेवून सुधारत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. थराची जाडी एक मिलिमीटरवर आली की पॅड संपला असे बहुतेक उत्पादक मानतात. मी मात्र मे महिन्याच्या अखेरीस दोन मिलिमीटर उरलेला पॅडही बदलावा असे म्हणेन, कारण त्यापुढे चार महिने चिखलाचे आहेत. लांबच्या प्रवासाला निघताना मागच्या पॅडची एक जादा जोडी आणि त्याच्या पिनेला लागणारी ॲलन-की पिशवीत ठेवावी. वैशाखऱ्याच्या पलीकडे आपल्या गाडीचा पॅड मिळेलच असे नाही.

पावसाळा संपून दसरा-दिवाळीच्या सुमारास वाटा कोरड्या झाल्या की एकदा चारही पॅड काढून शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. एकाच कॅलिपरमधला एक पॅड दुसऱ्यापेक्षा फार झिजला असेल तर पिस्टन अथवा पिना अडकल्या आहेत. एकाच पॅडची एक बाजू उतरती झिजली असेल तर कॅलिपर तिरपा ओढतो आहे. पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल तर घाटात तो भाजला आहे आणि पुढच्या खेपेस वेगळा प्रकार निवडावयास हवा. आणि मागचा पॅड पुढच्याच्या निम्म्याहून कमी उरला असेल, तर त्याचा अर्थ चिखलवाटा पुष्कळ झाल्या असा असू शकतो, किंवा उतारावर चालकाचा पाय नकळत पेडलवर टेकलेला राहतो असाही असू शकतो, आणि दोहोंपैकी कोणते कारण खरे हे ज्याचे त्यानेच पुढच्या उतारावर पायाकडे लक्ष देऊन ठरवावे.